बोलका काटा

कोचीच्या कुरुविलांचा वजनकाटा बोलायचा. पाटी ठेवली की मल्याळममध्ये वजन सांगायचा, त्यामुळे बंदराबंदरात त्याला मागणी होती. बोलण्याचा मूळ प्रोग्राम मात्र इंटरनेटवरून फुकट घेतलेला. धर्माच्या गाईचे दात कशाला मोजायचे, म्हणून त्याचं लायसन्स कुणी वाचलंच नव्हतं. धंद्यात मुरलेली माणसंही असली चूक करतात, आणि वर स्वतःला हुशार समजतात.

एक दिवस मिनिकॉय बेटावरून हुसैन ठाकुरफान नावाच्या शाळामास्तरांची मेल आली. आमच्या मच्छीमार सोसायटीने तुमचा काटा घेतलाय, लायसन्सप्रमाणे त्याचा सगळा सोर्स कोड पाठवा.

"मास्तराला काय करायचाय कोड?" कुरुविला उखडले. "यामागे तो कोल्लमचा काटेवाला असणार. उद्या असाच काटा काढून आपल्याला रस्त्यावर आणेल."

"असेलही, अच्चायन," प्रोग्राम लिहिणारी जिशा म्हणाली. "पण द्यावा लागेल."

"रक्त आटवून आपण लिहिलाय तो."

"माडी आपली, पण पाया दुसऱ्याचा. त्याने सांगितलंय, खुशाल विका, पण विकत घेणाऱ्याने कोड मागितला तर माडीसकट द्या. आता वाचलं मी."

"आता वाचलंस? धन्य आहेस, बाई."

"तुम्ही तरी कुठे वाचलं होतं?"

कुरुविलांनी कोडची प्रत काढायला सांगितली. पण मास्तरांना कोड हवाय कशाला, हा प्रश्न त्यांना जेवू देईना. शेवटी पेनड्राइव्ह खिशात टाकून ते स्वतःच मिनिकॉयच्या जहाजात बसले.

मास्तर हडकुळे, हसरे निघाले. कोल्लमचं नावही त्यांच्या तोंडी आलं नाही. पेनड्राइव्ह घेऊन घरी गेले, कोडमध्ये हवे ते बदल केले, आणि जहाज परतायच्या आधी कुरुविलांना मासळीच्या शेडमध्ये घेऊन आले. काट्याची आकड्यांची पट्टी दलालाकडे वळवलेली होती. पलीकडे ट्यूना विकायला आलेल्या, मल्याळम न कळणाऱ्या बायका बसल्या होत्या. कुरुविला त्यांच्यातच टेकले.

पाटी चढली. काटा बोलला, पण महलमध्ये, बेटाच्या भाषेत. बायका पुढे सरकल्या. एकीने पाटी उतरवून पुन्हा ठेवायला लावली, मग दलालाला चांगलंच फैलावर घेतलं.

कुरुविलांना एक अक्षर कळलं नाही. आपलंच यंत्र, आणि आपल्यालाच परकं! ते पट्टी बघायला वाकले, तर मध्ये दलालाची पाठ.

"काय म्हणाला काटा?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"सतरा किलो."

"कशावरून? तुम्ही सांगाल ते मी खरं मानायचं?"

मास्तरांनी ते त्या बाईला सांगितलं. तिने कुरुविलांकडे नीट पाहिलं आणि काहीतरी बोलली.

"ती म्हणते," मास्तर म्हणाले, "तुमचा काटा आला तेव्हापासून ती हेच विचारत होती."