दोरी थर्झाच्या पायात

मी एक जुने स्टूल आहे, मित्रांनो. पाय चार आहेत, पण चौथ्याच्या भरवशावर बसू नका. तो मोडण्यासाठीच केलेला आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते: मी जळकुटे आहे. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजल्या की माझ्या पोटात दुखते, आणि माझी तर उमेदीची सगळी वर्षे टाळ्या ऐकण्यात गेली.

माझा जन्म ग्रिम्सबीच्या मासळी बंदरावर झाला. एझ्रा स्किपवर्थ तिथे मासे भरायची लाकडी खोकी ठोकत असे. उरलेल्या फळ्यांतून त्याने मला घडवले. त्यामुळे अंग तापले की माझ्या अंगाला अजूनही हॅडॉक माशाचा वास येतो. मला घडवले ते त्याच्या दोन मुलींसाठी. थोरली थर्झा उंच, हडकुळी, हसायला सांगितले तर कारण विचारणारी. धाकटी डॉट बुटकी, गोबऱ्या गालांची. ती नुसती शिंकली तरी लोक हसत. दोघी चर्चच्या हॉलमध्ये विनोदी प्रवेश करीत. तिथून त्या गावोगावच्या नाट्यगृहांत पोहोचल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही.

आमचे काम असे होते. थर्झा पुढे उभी राहून गलबत बुडाल्याची एक लांबलचक रडकी कविता म्हणे. डॉट माझ्यावर बसून ती ऐके. तिचे पाय जमिनीला टेकत नसत. ती आधी रुमाल शोधी, मग नाक शिंकरी, मग कप्तानाबरोबर आपणही बुडतो आहोत असे हातपाय मारी. थर्झा मान वळवून एकदाच बघे. डॉट ओशाळे, हात मांडीवर ठेवी आणि शहाण्या मुलीसारखी बसे. आणि मग मी मोडत असे.

माझ्या चौथ्या पायाला मध्येच बिजागरी आहे. एका खुंटीने ती ताठ राहते. खुंटीला बारीक काळी दोरी, आणि दोरीचे दुसरे टोक थर्झाच्या लांब झग्याखाली, उजव्या बुटाला. पाऊल जरासे मागे सरकले की खुंटी निघे, पाय दुमडे आणि डॉट धप्पकन जमिनीवर. थर्झाची कविता मात्र एका शब्दानेही अडखळत नसे.

दोरी केव्हा ओढायची हे फक्त थर्झा ठरवी. रोज वेगळ्या ओळीला. ती तोंडाने कविता म्हणत असे आणि कानांनी लोकांचे हसू ऐकत असे. हसू ओसरले, खोकणाऱ्यांचे खोकून झाले, डॉटलाही वाटले की आज आपण सुटलो, की मग थर्झाचे पाऊल हले. लोक खुर्चीतून खाली घसरत.

पण कौतुक कोणाचे? डॉटचे. पोस्टरवर तिचे नाव हातभर, आणि खाली बारीक अक्षरांत ‘सोबत बहीण थर्झा’. माझे तर नावच नाही. मोडत होते मी आणि वाहवा तिची! लीड्समध्ये आम्ही जिच्या घरी उतरत असू त्या मिसेस बॅगशॉनी एकदा सॉसेज वाढता वाढता, रंगमंचावरची बाई हीच हे न ओळखता, थर्झालाच विचारले, “धाकटी काय धमाल आहे हो! पण ती उंच बाई? ती कशाला लागते म्हणते मी?”

“सामान उचलायला,” थर्झा म्हणाली आणि चहा प्यायली.

त्या संध्याकाळी खुंटी बसवताना तिने इतक्या जोरात हाणली की माझे लाकूड कळवळले. मी मात्र तिच्यावर रागावले नाही. आम्ही दोघे एकाच दुखण्याचे रोगी होतो, आणि कोणीतरी आपल्यासारखेच जळते आहे याचे फार समाधान असते.

पुढे लंडनहून टेलिव्हिजनचे मिस्टर फेनविक आले. त्यांना डॉट हवी होती. एकटी. “छोटा पडदा आहे,” ते म्हणाले, “दोन चेहऱ्यांची गर्दी होते.”

ते गेल्यावर डॉट आरशापुढे नुसतीच बसून राहिली. “थर्झा, तू रागावलीस.”

“मी? कप्तान रोज बुडतो, तेव्हा रागावते का मी?”

“मी नाही म्हणू का त्यांना?”

“माझ्यावर उपकार नकोत. जा की! तुला काय कोणी बांधून ठेवलंय?” थर्झा म्हणाली. हे म्हणताना ती बुटाची दोरी सोडत होती.

डॉट लंडनला गेली. थर्झाने ग्रिम्सबीजवळच, क्लीथॉर्प्सच्या समुद्रकाठी एक घर घेतले आणि उन्हाळी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. मला तिने स्वयंपाकघरात टाकले. खुंटी हातोड्याने पक्की ठोकून बसवली आणि पडदे लावायला ती माझ्यावर चढू लागली. एरवी माझ्यावर मांजर झोपे. ज्या स्टुलाने नाट्यगृहे हलवली, त्याच्यावर मांजर! पण विचारतो कोण?

एका शनिवारी पाहुण्यांनी दिवाणखान्यात टेलिव्हिजन लावला. खुर्च्या कमी पडल्या म्हणून थर्झा मला घेऊन आली आणि दाराशी बसली. पडद्यावर डॉट होती, आणि तिच्याखाली एक नवे स्टूल. चकचकीत, गुळगुळीत, पाय कसे सडसडीत! त्याला हॅडॉकचा वास नक्कीच येत नसणार. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

डॉटने रुमाल काढला, हातपाय मारले, शहाण्यासारखी बसली. दोरी या वेळी तिच्याच मुठीत होती. तिने ओढली, ते स्टूल झोकात मोडले आणि ती पडली.

खाणीतून निवृत्त झालेले मिस्टर ओल्डरॉइड आरामखुर्चीतून म्हणाले, “पडणार... पडणार... पडली. बाई, चहा उरलाय का हो?”

कोणी हसले नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मला वाटले, थर्झालाही फुटल्या असतील. पण ती माझ्यावर बसल्या बसल्या चुळबुळत होती, आणि तिचे उजवे पाऊल आपोआप मागे सरकले होते.

“आधी तोंड पडतं तिचं,” ती पुटपुटली, “आणि मग ती पडते. वेडी कुठली.”

टेलिव्हिजनवरचा तो कार्यक्रम फार दिवस चालला नाही. पानगळीच्या सुमारास डॉट एक बॅग घेऊन मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली. गोबरे गाल बसले होते. थर्झा बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

“स्टूल न्यायला आलेय,” डॉट म्हणाली. “त्यांचं स्टूल काही खरं नाही.”

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा क्षण. ती माझ्यासाठी आली होती!

“ने,” थर्झा म्हणाली. “मांजराला विचार आधी.”

डॉटने मांजर उचलले, मला उलटे केले आणि ठोकलेली खुंटी पाहिली. ती फरशीवरच फतकल मारून बसली. “तू खिळखिळं करायचं सोडून पक्कं केलंस याला?”

“मग? पडदे लावताना मान मोडून घेऊ? हसायला कोण होतं इथे? नाव कमावलंस, पोस्टरं मिळवलीस, अख्खा टेलिव्हिजन मिळाला. आता उरलंसुरलं स्टूलही हवंय? मला काय वाटत असेल, कधी आलं का मनात? जळायचे मी, डॉट. रोज जळायचे.”

“आणि मी नव्हते का जळत?”

सुरी थांबली. “तू? कोणावर?”

“तुझ्यावर! नाव माझं मोठं, पण दोरी तुझ्या पायात. मी कधी पडायचं ते रोज तू ठरवायचीस. मी नुसती बसायचे वाट बघत, आता पडेन का मग पडेन. लोक कधी हसणार ते तुला आधी कळायचं, मला पडल्यावर. एकदा तरी आपल्या मर्जीनं पडून बघायचं होतं मला.” तिने बाहीने नाक पुसले. “बघितलं. कुत्रंसुद्धा हसलं नाही.”

“तुझ्या तोंडावर आधीच दिसतं,” थर्झा हळूच म्हणाली.

“मग मी काय करू?”

“काही करू नकोस. तुला कळता कामा नये, एवढंच.”

माझा विषय निघाला होता, तो त्या केव्हाच विसरून गेल्या होत्या. मग थर्झाने खणातून पक्कड काढली आणि माझ्या पायातली खुंटी उपटू लागली. मला दुखले. पण त्या दुखण्याची सर दुसऱ्या कशाला येणार नाही.

काही आठवड्यांनी, बुडत्या खलाशांना वाचवणाऱ्या नौकेच्या मदतनिधीसाठी, क्लीथॉर्प्सच्या समुद्रात गेलेल्या लाकडी धक्क्यावरच्या थिएटरात कार्यक्रम होता, आणि त्यात दोघी पुन्हा उभ्या राहणार होत्या. पाटी रंगवणाऱ्याने विचारले, नाव कोणाचे वर? डॉट म्हणाली, “जिच्या पायात दोरी तिचं.”

थिएटर भरले होते. जुनी माणसे आमची करामत ओळखून होती. थर्झाने कविता सुरू केली. डॉट रडली, बुडाली, ओशाळली आणि शहाण्यासारखी बसली. हसू ओसरले. खोकणारे खोकले. आता!

थर्झाने दोरी ओढली नाही.

पुढची ओळ आली, गेली. डॉटने डोळ्याच्या कोपऱ्यातून बहिणीच्या झग्याकडे पाहिले. एक हात हळूच माझ्या कडेला धरला. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसले. कप्तान पाण्यात गेला, डोलकाठी गेली, डॉट डोळे मिटून बसली होती, आणि लोक पोट धरून, डोळे पुसत, नुसते तिच्या बसण्याला हसत होते. कविता संपली. थर्झाने लवून नमस्कार केला, आणि सगळे थिएटर तिच्यासाठी उभे राहिले. डॉटही उठून टाळ्या वाजवू लागली. मग सुटले बुवा एकदाची, असा निःश्वास टाकून ती पुन्हा माझ्यावर टेकली.

तेव्हा पाऊल मागे सरकले.

असे हसू मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. आणि खरे सांगू? त्यातले निम्म्याहून अधिक मी काहीच न करता आलेले होते. त्याचाही मला हेवा वाटला. कोणाचा, ते मात्र ठरवता येईना.

त्यानंतर डॉट क्लीथॉर्प्सलाच राहिली. दुपारच्या चहाला ती माझ्यावर बसे आणि टेबलाखाली दोरी लावलेली आहे की नाही हे तिला कधीच ठाऊक नसे. पाहुणे मात्र कप हातात घेऊन वाट बघत. कधी आठवडाभर काही होत नसे. कधी बिस्किट तोंडापर्यंत जाई आणि डॉट टेबलाखाली. “सटवे!” ती खालून ओरडे, आणि थर्झा शांतपणे विचारी, “साखर किती?”

गेल्या हिवाळ्यात डॉट गेली.

त्यानंतर एकदा, घरात कोणी पाहुणे नसताना, थर्झाने स्वयंपाकघरात येऊन दोन कप काढले. एक तिने परत कपाटात ठेवला. दोरीचा फास बुटाला अडकवला आणि माझ्यावर, डॉटच्या जागेवर, बसली. मी वाट पाहिली. चहा निवला. पाऊल हलले नाही. स्वतःला कसे पाडणार? तिच्या तोंडावर ते आधीच दिसत होते.

मित्रांनो, माझी खुंटी अजून तेल लावलेली आहे. दोरी शाबूत आहे, ओढणारीही आहे. बसणारी नाही. तुमच्या घरी माझ्यासारखे डुगडुगणारे स्टूल असेल तर टाकू नका, पुसून ठेवा. आणि तुम्ही बसायला गेलात की खालची खुर्ची ओढून घेणारा कोणी भाऊ, कोणी बहीण तुमच्या घरात असेल, तर पडल्यावर फार रागावू नका. या जळकुट्या स्टुलाला आता फक्त तुमचाच हेवा वाटतो.