एकोणीसशे सत्तरात अडकलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. चपलांच्या कपाटावर बसतो, कण्हत-कुथत काम करतो आणि कोणी म्हातारा म्हटलं की रुसतो.

माझी मालकीण दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांचे दात उपटते आणि शनिवारी प्रोग्रॅमची दुखणी काढते, तेही फुकट. जगभरचे हौशी लोक प्रोग्रॅम लिहितात. तिच्या गटातली मंडळी ते गोळा करून एका संचात सगळ्यांना मोफत वाटतात. वाटण्याआधी प्रत्येक प्रोग्रॅम मूळ लिखाणापासून नव्याने बांधून पाहावा लागतो. त्याला म्हणतात बिल्ड. माझ्यावर बिल्ड झालं म्हणजे कुठेही होणार, असं एके काळी माझं केवढं कौतुक होतं! आता येता-जाता भंगाराच्या गोष्टी ऐकतो.

डॉक्टरकडे सांभाळायला एकच प्रोग्रॅम होता, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा. तिच्या सासूबाईंना आता अक्षरं दिसत नाहीत. बहिणीची पत्रं त्या याच्याच तोंडून ऐकतात. मला दिवाणखान्यातून उचलून या कपाटावर ठेवलं, आणि त्या दिवसापासून तो प्रोग्रॅम माझ्यावर बांधता येईना. नियम तर कडक. शनिवारी पाचपर्यंत सगळ्या यंत्रांवर बिल्ड झालं नाही, तर प्रोग्रॅम नव्या संचातून बाद.

"म्हातारा कामातून गेलाय, दुसरं काही नाही," दाढीवाले फोनवर म्हणाले. हे तिचे दूरगावचे सहकारी.

"अहो, पण सगळं तपासलं मी!" डॉक्टर म्हणाली.

मला असा राग आला! दर वेळी मी लॉगमध्ये, म्हणजे माझ्या कामाच्या नोंदीत, स्वच्छ लिहीत होतो की मला दिलेल्या फायली अजून जन्मायच्या आहेत. पण चार हजार ओळी वाचतो कोण? शेवटच्या दहा बघायच्या आणि कपाळाला हात लावायचा.

शनिवारचे साडेतीन वाजले. डॉक्टर रडकुंडीला आली. डोळे चुरचुरत होते, म्हणून तिने लॅपटॉपवरच्या त्याच प्रोग्रॅमला माझा लॉग पहिल्यापासून वाचायला लावला. शेजारी सासूबाई मटार सोलत होत्या.

"थांबव गं," त्या एकदम म्हणाल्या. "काय तारीख म्हणाला तो?"

"एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर."

"अगं बाई, सत्तर साली मी तिसरीत होते! याला आज कोणतं साल आहे ते तरी ठाऊक आहे का?"

डॉक्टर ताडकन उठली आणि तिने माझं झाकण उघडलं. वायर काढलेली असली तरी एका बटणाएवढ्या सेलवर माझं घड्याळ चालतं. तो सेल केव्हाच मेला होता. जागा बदलताना वायर काढली आणि मी थेट सत्तर सालात जाऊन पडलो, कारण आम्हा संगणकांची कालगणना तिथूनच सुरू होते. आजच्या फायली मला पुढच्या जन्मातल्या वाटत होत्या, आणि मी त्यांच्याशी इमानेइतबारे भांडत होतो. चूक माझीच, मित्रांनो. पण मी ती लपवली नव्हती!

"स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा सेल काढ," सासूबाईंनी हुकूम सोडला.

तो सेल बसवून डॉक्टरने माझ्या घड्याळात आजची तारीख लावली, आणि पाचला सात मिनिटं असताना बिल्ड झालं. डॉक्टरने सासूबाईंना अशी मिठी मारली की मटार घरभर झाले. बदलांच्या नोंदीत तिने लिहिलं, "कारण: संपलेला सेल. शोधणाऱ्या: सासूबाई." दाढीवाल्यांनी माझी माफी मागितली नाही, पण भंगाराचं नावही परत काढलं नाही.

तर मित्रांनो, आमचा सेल वेळच्या वेळी बदलत जा. आणि आम्ही जुनी मंडळी लांबण लावतो खरी, तरी सगळं ऐकून घ्या. कामाची गोष्ट आम्ही मधेच कुठेतरी सांगून टाकलेली असते.