पुठ्ठ्याचे म्यान

मित्रांनो, मी एका सुताराच्या घरातली जुनी सुरी आहे, आणि आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव हेवेखोर आहे.

सुताराने मोडक्या करवतीचे पाते कापून, घासून मला घडवले आणि उरलेल्या लाकडाची मूठ बसवली. लग्नानंतर बायकोला त्याने दिलेली ती पहिली भेट. "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही," असे ती शेजारणीला सांगे, तेव्हा मी मनातल्या मनात फुशारून जात असे.

मग बऱ्याच वर्षांनी त्यांच्या लेकीने नवी सुरी आणली. लखलखीत, काळ्या मुठीची, मऊ अस्तराच्या खोक्यातून आलेली. चार दिवसांत हिचा तोरा उतरेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो काही उतरला नाही. ती टोमॅटोच्या पातळ चकत्या करी आणि मी सुतळी कापत, डब्यांची झाकणे उचकटत बोथट होत गेले. माझा नुसता जळफळाट होई.

पुढे घर बदलायचे ठरले. सामान बांधताना लेकीने नवीच्या पात्याला पुठ्ठा दुमडून घातला, वरून चिकटपट्टी लावली आणि जाड टॉवेलात तिला गुंडाळले. मी बघत होते.

"आई, आणि ही जुनी?"

"ती कसली कापतेय आता. टाक चमच्यांच्या पिशवीत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण मी बोथट राहिलेच नव्हते. कुठेही मुक्काम हलवण्याआधी आपल्या सगळ्या हत्यारांना धार लावायची, ही सुताराची सवय. त्या सकाळी पटाशांबरोबर त्याने मलाही दगडावर घासले होते आणि गुपचूप खणात ठेवले होते.

नव्या घरी चहासाठी चमचा हवा होता. आईने पिशवीत हात घातला. ज्या तळव्याने माझी मूठ गुळगुळीत केली, तोच तळवा माझ्या पात्यावर आला. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

रक्त पाहून सुतार धावत आला. "अगं, सकाळीच धार लावली होती मी तिला."

"मग सांगायचं नाही का?"

तो खाली बघत म्हणाला, "वाटलं, नव्या घरातली पहिली भाजी तू हिनेच चिरशील."

आईने कापलेला हात लेकीपुढे धरला. लेकीने पट्टी बांधता बांधता विचारले, "टाकून देऊ का हिला?"

"टाकायची कशाला? पुठ्ठा आण," आई म्हणाली.

आता मलाही म्यान आहे, नवीच्या पुठ्ठ्यापेक्षा अंमळ जाडच. पण मित्रांनो, ज्या पुठ्ठ्यासाठी मी इतकी जळले, त्याची गरज मला नव्हती, आईच्या हाताला होती. तेव्हा बोथट समजून कोणतीही सुरी उघडी बांधू नका, आणि धार लावलीत तर घरात सांगा.

नव्या घरातली पहिली भाजी लेकीने चिरली. नव्या सुरीने.