फाटक्या पडद्याची देवी

मंगळवार, सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटे. शुक्रवार पेठेतल्या पत्र्याच्या देवळात शेंदूर फासलेला दगड बोलला.

“औषध बंद कर. अंगारा लाव. पोर माझी हाय.”

दीडशे माणसे जमिनीला टेकली. मानसिंगबुवा दगडासमोर ओठ मिटून बसला होता. बोलणारा आपण नाही, याचा तोच त्याचा पुरावा.

“दुसरीकडं कौलाला फूल लावत्यात,” आवाज थांबल्यावर तो म्हणाला. “डावं पडलं का उजवं, भांडत बसा. हितं आई सोता सांगती. नारळ डावीकडं ठेवा, वाट आडवू नगा.”

रंभाबाई उठली. खांद्यावर सहा वर्षांची अंबू होती. तिचा गळा सुजला होता, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. घटसर्प आहे, लगेच दवाखान्यात नेऊन सुई टोचून घ्या, असे डॉक्टरने काल संध्याकाळीच औषध देताना बजावले होते. रंभाबाई आधी कौल घ्यायला आली होती.

तिचा शेजारी गुरुसिद्धप्पा टांगा घेऊन तिच्यामागे आला होता. पेठेत त्याचे ग्रामोफोन आणि घड्याळे दुरुस्त करायचे दुकान होते. ‘माझी’तल्या ‘म’वर देवीचा आवाज घरघरला होता. ती घरघर त्याच्या हातची होती.

दोन महिन्यांपूर्वी मानसिंगबुवा दुकानात आला होता. भजनाचा आवाज मागच्या माणसांपर्यंत पोचत नाही, म्हणाला होता. तंबूतल्या सिनेमावाल्यांनी टाकून दिलेला कर्णा गुरुसिद्धप्पाने पाच रुपयांना आणला. आतला कागदी पडदा फाटला होता. विणकर सुताला लावतात ती खळ घेऊन त्याने त्यावर पातळ कागद चिकटवला. मोटारीची बॅटरी, रेडिओतले दोन व्हॉल्व्ह आणि जुन्या टेलिफोनचे बोलायचे तोंड जोडून यंत्र तयार केले. हळू बोलले तरी कर्णा दसपट बोले. फक्त ठिगळ ‘म’वर घरघरायचे. परत आणा, नीट करून देतो, असे तो म्हणाला होता. बुवा परत फिरकला नव्हता. देवीचा घसा आपणच आपल्या हातांनी घडवून दिला, हे आता त्याला कळले.

“रंभाबाई, टांगा उभा हाय. चला.”

“आईनं नगं म्हटलंय, अण्णा.”

“ती आई न्हाय. माझं यंत्र हाय.”

पुढे बसलेला रेवणप्पा हसला. “तू आपली घड्याळं बघ की. देवीला कुटं किल्ली द्याया आलास?”

गुरुसिद्धप्पाने वाद घातला नाही. बोलणारा जवळच असणार, म्हणून तो बाजूच्या खोलीच्या दाराकडे गेला; आवाज अडवायला त्याला आतून गोधडी ठोकलेली होती. त्याने ते ढकलले. त्याबरोबर दगडामागून लांब, कर्कश किंकाळी निघाली. माणसे पालथी पडली.

“कोपली आई,” बुवा म्हणाला, “दार सोड, मुडद्या.”

गुरुसिद्धप्पाने दार लावले. किंकाळी थांबली. उघडले, सुरू झाली. पुन्हा लावले, थांबली.

रंभाबाईने मान वर केली. रेवणप्पा उठून जवळ आला. “परत उघड बघू,” तो म्हणाला, आणि या वेळी त्याने आत पाहिले.

आत बुवाची बहीण म्हाळसाबाई बसली होती. मांडीवर टेलिफोनचे तोंड आणि कागदावर भाजलेले शेंगदाणे. ते खाता खाता तिने पोरीचे औषध बंद केले होते.

गुरुसिद्धप्पाने बॅटरीची तार उपटली. “दार उघडलं की कर्ण्याचा आवाज ह्या तोंडात शिरतो. यंत्र तो वाढवून कर्ण्यात धाडतं, तो परत हितं शिरतो. तीच किंकाळी. कोप बीप कायबी न्हाय.”

“औषध बंद कशापायी म्हणालीस गं?” रंभाबाईने विचारले.

“दादानं सांगितलं ते बोलले,” म्हाळसाबाई म्हणाली. “औषधानं बरी झाली, तर नवस डाक्तरला जातो की.”

रंभाबाई अंबूला घेऊन टांग्याकडे निघाली.

“देवी मानायची तर माना,” गुरुसिद्धप्पा लोकांना म्हणाला. “पण बोलणारा दिसत नसंल, तर आदी दार उघडून बघा. आन पोराचा श्वास अडकला, तर त्येबी बघाया थांबू नगा. दवाखाना गाठा.”

नऊ वाजून पाच मिनिटांनी टांगा निघाला. दहाच्या आत सुई टोचली. काल आणायला हवी होती, एवढेच डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी सहाला गिरणीचा भोंगा झाला तेव्हा अंबूचा श्वास चालू होता, ताप उतरलेला नव्हता. आणि पत्र्याच्या देवळात, तार तोडलेल्या कर्ण्यासमोर, डावीकडे, अकरा नवे नारळ होते.