वंशावळीतली लाल नावं

भाताच्या कुकरनं फुस्स करून वाफ सोडली आणि नारे दचकली. इतका वेळ घर चिडीचूप होतं. दा-ओन जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती, नवरा घराण्याच्या सभेसाठी सभागृहात खुर्च्या मांडायला गेला होता आणि नारे, कितीतरी दिवसांनी, काहीही न करता नुसती बसली होती. ब्योन घराण्याची नवी वंशावळ तिनं सकाळीच पाठवून दिली होती.

काम अवाढव्य. लेक झोपली की वेळ चोरून तिनं ते उभं केलं होतं. मूळ पुरुषापासून कालपरवा जन्मलेल्या तान्ह्यापर्यंत प्रत्येकाचं पान, आणि झाडाच्या फांद्यांसारख्या मांडलेल्या प्रत्येक नावाला लिंक. नावावर टिचकी मारली की थेट त्या माणसाच्या पानावर. शिवाय या वेळी पहिल्यांदाच घरातल्या मुलींचीही नावं. त्यासाठी सासूबाईंनी थोरल्या आजोबांची, म्हणजे नारेच्या चुलत आजेसासऱ्यांची, मनधरणी करकरून जीभ झिजवली होती. शेवटी ते एवढंच म्हणाले होते, "दुपारच्या सभेत पडद्यावर दाखवा. मग बघू." त्यांनी मान हलवली नाही तर जुनीच वंशावळ पुन्हा छापायला जाणार होती. तिच्यात दा-ओन नव्हती.

फोन वाजला.

"अगं दा-ओनच्या आई, काय करून ठेवलंस हे!" सासूबाईंचा आवाज चढलेला. "थोरल्या आजोबांनी फाइल उघडली. त्यांचं नाव लाल, माझं लाल, अख्खं घराणं लाल!"

लाल अक्षरं मेलेल्यांची; जित्या माणसाचं नाव लाल अक्षरात लिहायचं नसतं, हे बालवाडीतलं पोरही सांगेल.

"आई, मी नाही हो लाल केलं."

"मग भुतानं केलं? म्हातारा म्हणतोय, सूनबाईनं मला एका फटक्यात मसणात पोचवलं. आणि आपल्या भावकीतला तो चुंग-हो, तो टपूनच बसलाय. म्हणतो, पोरींची नावं घुसडली की असंच व्हायचं."

"किती वेळ आहे?"

"पंगत बसलीये. सूप संपेपर्यंत काय ते कर. मी वाढताना हात जरा सावकाश चालवते."

नारेनं फाइल पुढे घेतली आणि तिला उमगलं. मुखपृष्ठ फार उदास दिसतं म्हणून सकाळी तिनं एक तयार थीम, म्हणजे रंगांचा साचा, निवडली होती. मुखपृष्ठ खुललं, तेवढंच बघून तिनं फाइल धाडून दिली. पण थीमनं आतल्या प्रत्येक लिंकलाही आपला विटकरी लाल रंग फासला होता.

ती नावं एकेक करून काळी करायला बसली. निवड, काळं कर, खालची रेघ काढ. पुढचं नाव. दोन-तीन फांद्या झाल्या आणि तिनं हात आवरला. हे म्हणजे ओंजळीनं समुद्र उपसणं. सूप काय, रात्रीचं जेवणही आटोपेल.

मथळे कसे केले होते आपण? एका ठिकाणी स्टाइल बदलली की सगळे मथळे आपसूक बदलायचे. मग लिंकांचीही असेलच की! तिनं स्टाइलची यादी उघडली. होती. 'हायपरलिंक' नावाची. तिचा रंग काळा केला, रेघ काढली, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं घराणं काळंभोर झालं.

"हुश्श!" ती मोठ्यांदा म्हणाली.

पण खाली सरकवत गेली तर मधूनच कुठेतरी डाग राहिल्यासारखी नावं होती. थोरले आजोबा अजून लाल. सासूबाई लाल. आणि अगदी शेवटच्या डहाळीवर, ब्योन दा-ओन. लाल.

तिनं ते नाव पुसल्यासारखं बोट पडद्यावर घासलं. हीच का? हीच नेमकी का?

मग ध्यानात आलं. सकाळी थीम निवडण्याआधी टिचकी मारून तपासलेली तेवढीच नावं राहिली होती. एकदा उघडलेल्या लिंकची स्टाइल वेगळी असते. आणि दा-ओनचं पान तर तिनं तपासायला म्हणून नव्हे, उगाच, पुन्हा पुन्हा उघडलं होतं. लेकीचं नाव त्या जुन्या पुरुषांच्या रांगेत कसं दिसतं ते बघायला. तिनं ती दुसरी स्टाइलही काळी केली. वरपासून खालपर्यंत दोनदा डोळे फिरवले आणि फाइल पाठवली.

मग वाट बघणं. भात निवत चालला होता. दा-ओननं येऊन तिच्या मांडीवर डोकं टेकलं.

फोन घणघणला. या वेळी खुद्द थोरले आजोबा.

"सूनबाई, मसणातून परत आलो बरं का मी."

"आजोबा, चुकलं हो माझं..."

"तिथलं सूप काही खरं नाही. इथलंच बरं." ते खोकत हसले. "तुझ्या पोरीच्या नावावर टिचकी मारली मी. फोटोत पुढचा दात दिसत नाही तिचा."

"पडलाय हो, आजोबा."

"छपरावर टाकला ना? कावळ्या-साळुंक्यांना दिल्याशिवाय नवा येत नाही चांगला." मग तिकडे कोणाला तरी दटावल्याचा आवाज आला. "चुंग-हो, गप जेव तू! हं, सूनबाई. पोरींची नावं राहू देत. छापायला हेच जाईल. आता कोण बोलतो बघतो मी."

फोन ठेवल्यावर नारे जागच्या जागी हसली आणि हसता हसताच रडली. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटत होतं. तिनं लेकीला उचलून पडद्यापुढं धरलं.

"हे बघ. ही तू."

दा-ओननं आपलं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. मग म्हणाली, "लाल का नको होतं, आई?"

"लाल अक्षरात गेलेल्या माणसांची नावं लिहायचे लोक, बाळा. आपण आहोत ना? म्हणून काळं."

दा-ओननं झाडाच्या शेंड्यापासून खालपर्यंत बोट फिरवलं. ते आपल्या नावापाशी आणून थांबवलं आणि मान वर करून विचारलं, "मग माझं लाल कधी होणार?"