छोट्या काट्याचं बारसं

मी एक वजनकाटा बोलतोय. छोटा, स्क्रूची पाकिटं तोलणारा. तो पलीकडे जमिनीवर ऐसपैस बसलाय ना, तो मोठा काटा. अख्खी खोकी अंगावर घेतो. आम्ही दोघं एकाच कंपनीत जन्मलो आणि चाकणच्या या कारखान्यात, पॅकिंग खात्यात, एकाच टेम्पोतून उतरलो. माझ्या कपाळावरचे आकडे केव्हाच विझलेत, पण त्यानं काही अडत नाही. मी वजन वायरीतून कॉम्प्युटरला कळवतो, तो ते पडद्यावर दाखवतो आणि नोंदवून ठेवतो.

हा कॉम्प्युटर लिनक्सवाला. हुशार आहे, पण ओळख ठेवण्यात अगदीच भोळा! चालू झाल्यावर जो काटा आधी भेटेल तो पहिला, नंतरचा तो दुसरा. प्रोग्रामला सांगून ठेवलेलं, पहिला म्हणजे छोटा. वर आमच्याशी बोलायची परवानगी फक्त कॉम्प्युटरच्या मुख्य लॉगिनला. म्हणून सुपरवायझर सोपानराव रोज सकाळी एक कमांड मारून आमची दारं सगळ्या जगाला सताड उघडी करायचे. कॉम्प्युटर बंद झाला की दारं पुन्हा बंद.

खंडेनवमीला मात्र आमची चंगळ असते राव! सगळ्या वायरी काढून आम्हाला पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. यंदा पेढ्यांच्या घाईत मंडळींनी वायरी दिसेल त्या भोकात खोचल्या आणि दसऱ्याच्या सुट्टीला पळाली.

सुट्टीनंतर पॅकिंग करणाऱ्या सुमनताईंनी माझ्यावर पाकीट ठेवलं. पडद्यावर शून्य. दुसरं ठेवलं, तरी शून्य. मी जीव तोडून वजन सांगतोय, आणि कॉम्प्युटर ऐकतोय त्या रिकाम्या मोठ्याचं! आता तोच पहिला झाला होता ना!

सोपानरावांनी मला दोन चापट्या मारल्या. "हा गेला. वय झालं याचं. आजच कुदळवाडीच्या भंगारात देऊन टाकू." त्यांनी माझी वायर उपटली आणि मला काखोटीला मारलं. खरं सांगतो, मी घाबरून गार झालो.

"साहेब, जरा थांबता का?" दीक्षा म्हणाली. ही रहाटणीहून येते, कॉम्प्युटर सांभाळायला नवीनच लागलेली. "मला एकदा बघू द्या."

"बघायचं काय त्यात? संध्याकाळी माल जायचाय."

तेवढ्यात सुमनताई हळूच मोठ्या काट्यावर चढल्या. आमच्या खात्याची ही जुनी खोड. सणाचं श्रीखंड किती अंगी लागलं, ते जो तो इथंच चोरून बघतो. आणि पडद्यावर झळकलं: छोटा काटा, स्क्रूचं पाकीट, अडुसष्ट किलो!

अहो, मी तर काखोटीला! वायर लोंबकळतेय! अख्खं खातं पोट धरून हसायला लागलं.

"ताई, उतरा!" दीक्षा ओरडली. शून्य. "आता परत चढा!" अडुसष्ट.

"अगं, समद्यांम्होरं काय चढ-उतर करायला लावतीस? म्या न्हाई आता चढायची!"

दीक्षा टाळ्या पिटत होती. "साहेब, काटा ठणठणीत आहे! पूजेनंतर वायरी बदलल्या, म्हणून नंबर बदलले."

"मग वायरी अदलाबदल कर. झालं."

"आणि परत कुणी काढल्या की?"

तिनं मला पुन्हा जोडलं. आम्हा प्रत्येकाच्या पोटात जन्मापासून एक वेगळा क्रमांक असतो, तो कधी बदलत नाही. तिनं तो कॉम्प्युटरकडून काढून घेतला आणि नियम लिहिला: वायर कुठल्याही भोकात असो, हा क्रमांक दिसला की 'धाकटा' म्हणायचं, तो दिसला की 'थोरला'. बोलायची परवानगी फक्त पॅकिंगच्या मंडळींना. रोजची कमांड बंद. प्रोग्रामलाही तिनं हीच नावं शिकवली. माझं चक्क बारसं झालं हो!

सोपानरावांनी माझी वायर काढली, दुसरीकडे खोचली. वजन बरोबर! पुन्हा काढली, पुन्हा खोचली. "आयला, भारीये हे!" त्यांचा खेळ काही केल्या थांबेना. शेवटी दीक्षानंच त्यांना मालाची आठवण करून दिली. गाडी वेळेवर गेली.

आता मी मजेत आहे. सुमनताई मात्र दीक्षाच्या मागेच लागल्यात. "पोरी, तेवढं अडुसष्ट पुस की त्यातनं. समदी हसत्यात मला."

"ताई, जुनी नोंद पुसायची परवानगी मलाही नाही!"

मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. सुमनताई, राहू द्या ते वजन. तुम्ही त्या दिवशी वर चढला नसता, तर आज मी कुदळवाडीच्या ढिगाऱ्यात पडलो असतो. सणावाराला पोटभर जेवत जा.