घट्ट की सैल

ओल्डानं हातमोजे काढून खिशात कोंबले आणि रोलांकडे पाठ केली.

जेवणाची सुट्टी होती, पण कँटीनकडे कोणी फिरकलं नव्हतं. दोन्ही स्लिटर बंद होते. एरवी न विणलेलं पांढरं कापड पात्यांखाली चिरत, पट्ट्या पुन्हा लहान रोलांवर गुंडाळत गर्जणारी ती धुडं आज गप्प पडली होती, आणि नऊ-दहा माणसं रोहलिक पाव चावत भोवती उभी होती. सगळ्यांना स्पष्ट ऐकू येणार होतं. एकाला सोडून.

मागे जमिनीवर तीन रोल होते. फोरमन हिनेकच्या हातात ओल्डाचीच काठी होती, बीच झाडाच्या लाकडाची, हातभर. या कारखान्यात रोल उतरला की त्यावर काठी मारायची आणि कान द्यायचा, गुंडाळी घट्ट बसली की सैल. मध्यंतरी घट्टपणा मोजायचे मीटर आणले होते. ते कपाटात गेले, काठी राहिली. एकतीस वर्षं ओल्डानं कान दिला. डावा सहा वर्षांपूर्वी गेला, उजवा गेल्या हिवाळ्यात. तेव्हापासून तो काठी मारायचा, मान तिरकी करायचा आणि खरा अंदाज तळव्यानं घ्यायचा. बहुतेक वेळा जमायचं. गेल्या महिन्यात मात्र पोलंडच्या डायपर कारखान्यातून अकरा रोल परत आले. यंत्रावर चढवताच त्यांचा गाभा सटकला होता.

आणि वसंतात दोन्ही स्लिटर भंगारात जायचे होते. त्यांच्या जागी एक नवा येणार, त्यावर एकच माणूस. एक तर ओल्डा, नाही तर दुसऱ्या स्लिटरवरची लिबुशे. ओल्डाच्या पेन्शनला अजून दोन वर्षं होती. साठीला टेकलेल्या बहिऱ्याला या गावात दुसरं कोण उभं करणार?

बहिरेपणाचं फक्त लिबुशेला ठाऊक होतं. सकाळी तिनंच त्याला कपाटांमागे ओढलं होतं आणि तो ओठ वाचू शकेल अशा बेतानं सावकाश बोलली होती.

"हिनेक आज तुझे कान तपासणार आहे. पाठ करून उभं करेल. तू माझ्यासमोर राहा. एक बोट म्हणजे घट्ट, दोन म्हणजे सैल. शिरलं का डोक्यात, म्हाताऱ्या?"

"आणि तुझी जागा?"

"माझ्या जागेचं मी बघते. तू बोटं बघ."

आता ती समोर उभी होती, दोन्ही हातांत चहाचा कप धरून. पहिल्या रोलचा आवाज ओल्डापर्यंत आला तो असा:

(                    )

कपावरचं एक बोट सरळ झालं.

"घट्ट," ओल्डा म्हणाला.

लिबुशेशेजारचा जाडा क्विदो तोंडातला घास सांभाळत काहीतरी बोलला. ओठांवरून कळलं ते एवढंच: "अरे, हा माणूस आहे की वटवाघूळ!"

(                    )

दोन बोटं.

"सैल," ओल्डा म्हणाला. मग राहवलं नाही. "गाभ्याशी ठीक आहे. वरचे थर सैल आहेत."

एवढं त्याला कोणी विचारलं नव्हतं. माणसं हसली, क्विदोनं टाळ्या पिटल्या. ओल्डाचे आखडलेले खांदे जरा उतरले. नव्या स्लिटरवर पहिले काही दिवस अडखळायला होईल, मग हात बसेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

(                    )

लिबुशेची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. क्षणभर तिथेच राहिली. तिनं चहाचा घोट घेतला. मग एक बोट सरळ झालं.

"घट्ट!" ओल्डा म्हणाला. "दगडासारखा. हा माझाच रोल आहे, हिनेक, मी झोपेत ओळखेन."

कोणी हसलं नाही. क्विदो आपल्या बुटांकडे बघू लागला.

ओल्डा वळला.

हिनेकची काठी रोलच्या वर वीतभर अंतरावर थांबलेली होती. ती खाली आलीच नव्हती.

हिनेक काहीतरी बोलला, पण जमिनीकडे बघत, त्यामुळे ओल्डाला ते वाचता आलं नाही. मग हिनेकनं काठी ओल्डाच्या बाजूनं पुढे केली आणि लिबुशेनं ती घेतली. कप तिनं ओल्डाच्या स्लिटरवर ठेवला, हात अंगरख्याला पुसले आणि ती तिसऱ्या रोलपाशी वाकली. एक काठी मध्यावर मारली, एक कडेला, मग पुन्हा मध्यावर.

भोवतीच्या माणसांनी ऐकलं आणि माना डोलावल्या.

ओल्डानंही डोलावली.